पडवीतली बुलेट घ्यावी का?

जुनी मोटारसायकल विकणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, ‘गाडी फारशी चाललेलीच नाही, नुसती उभी आहे.’ विकणारा ते अभिमानानं सांगतो आणि घेणारा ते ऐकून सुखावतो. मीटरवर किलोमीटर कमी, रंग मूळचा, सीटचं कव्हरसुद्धा कंपनीचंच. आणखी काय हवं? पण मोटारसायकलींच्या संगतीत बरंच आयुष्य घालवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीची परीक्षा कितीतरी कडक घ्यावी लागते. पळणाऱ्या गाडीची झीज लक्षात येते. आवाज बदलतो, धूर दिसतो, तेल गळतं, ब्रेक लांबतो. उभ्या गाडीची झीज झाकलेली राहते आणि पहिल्या शे-दोनशे किलोमीटरांत एकदम बाहेर पडते. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

यंदा ही परीक्षा जवळून पाहण्याचा योग आला. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला मोटारसायकलनं लेहला जायचं आहे, आणि तेही जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटवरून. संगमेश्वर तालुक्यातल्या एका घरात 1996 साली नोंदलेली 350 सीसीची बुलेट विकायची आहे, असं त्याला ओळखीतून कळलं. गाडीचे मालक शिक्षक होते. त्यांचं निधन झालं तेव्हापासून गाडी पडवीत ताडपत्रीखाली उभी. कोल्हापूरच्या एका जुन्या मिस्त्रींना बरोबर घेऊन आंबा घाटानं आम्ही तिथं गेलो.

गुरुजींच्या पत्नीनं, म्हणजे काकींनी, ताडपत्री बाजूला केली. काळा रंग, टाकीवरच्या हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा, हँडलला बांधलेला वाळका हार. दर दसऱ्याला त्या गाडीची पूजा करत होत्या. भाच्याचा चेहरा पाहून मला कळलं, की यानं मनातल्या मनात गाडी घेतली आहे. मिस्त्रींनाही ते कळलं असावं. त्यांनी त्याला चहा होईपर्यंत गाडीला हात लावू नकोस असं सांगितलं आणि स्वतः गाडीसमोर पाटावर बसून नुसते बघत राहिले.

हीच गाडी का?

लांबच्या प्रवासासाठी आज बाजारात कितीतरी चांगल्या मोटारसायकली आहेत. फ्युएल इंजेक्शन, डिस्क ब्रेक, एबीएस, ट्यूबलेस टायर. तरीही तिशीतला तरुण जुन्या बुलेटच्या मागे का लागतो, हे समजून घेतल्याशिवाय त्याला सल्ला देण्यात अर्थ नाही.

इंग्लंडमधल्या रेडिच इथल्या रॉयल एनफिल्ड कंपनीची ही गाडी. 1955 मध्ये मद्रास मोटर्सबरोबर ‘एनफिल्ड इंडिया’ स्थापन झाली आणि पुढे मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात बुलेट तयार होऊ लागली. रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद पडला, पण मद्रासमध्ये ती तयार होतच राहिली. 1994 मध्ये कंपनी आयशर समूहाकडे गेली. कास्ट आयर्न बॅरलचं जुनं इंजिन 2009-10च्या सुमारास थांबलं आणि त्याजागी इंजिन व गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेलं नवं इंजिन आलं. म्हणजे ज्या बुलेटबद्दल आपण बोलतोय ती घेताना वयाची चर्चाच नको. त्यातली सर्वांत तरुण गाडीसुद्धा पंधरा वर्षांच्या आसपासची आहे.

या इंजिनाचा बोअर 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90 मिलिमीटर. लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हीलमुळे ते कमी आरपीएमलाच जोर धरतं. भरल्या सामानानिशी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ते ज्या सावकाशीनं आणि ताकदीनं ओढतं, त्याची सवय लागलेल्या माणसाला भरभर फिरणारं इंजिन रुचत नाही. ताशी साठ-पासष्टचा वेग धरावा आणि दिवसभर चालावं, हा या गाडीचा स्वभाव. पॉइंट, कार्बोरेटर, टॅपेट, क्लच केबल ही सगळी कामं रस्त्याच्या कडेला बसून चार पान्यांनी करता येतात. लेहच्या रस्त्यावर अनेक वर्षं हीच गाडी दिसायची, ती केवळ हौसेपायी नव्हे. वाटेत बिघडली तर वाटेतच दुरुस्त होते, हा तिचा लौकिक होता आणि तो तिनं कमावलेला होता.

या लौकिकाला एक अट मात्र जोडलेली आहे. गाडी चालती असली पाहिजे. ज्या मालकाचा कान आपल्या टॅपेटच्या आवाजावर असतो त्याच्या हाती बुलेट विश्वासू. पंधरा वर्षं उभी राहून एकाएकी रस्त्यावर आलेली बुलेट ही वेगळीच गोष्ट आहे.

उभ्या गाडीत काय घडतं?

सुरुवात टाकीपासून करू. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळेसारखा थर उरतो. तो कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये बसला की नुसतं पेट्रोल बदलून काही होत नाही. अर्धी भरलेली टाकी सर्वांत वाईट, कारण वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा असते आणि पत्रा तिथून आतल्या आत गंजत जातो. बाहेर रंग झळकत असतो आणि आत गंजाची पूड साचलेली असते. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी वाढलं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं. जुन्या गाडीतले रबरी वॉशर, पेट्रोल कॉकची सीलं, नळ्या या मिश्रणासाठी बनलेल्याच नव्हत्या. त्यामुळे गाडी घेतली तर हे सगळं रबर पहिल्या दिवशी बदलायचं, असं धरूनच चालावं.

इंजिनाचं दुखणं याहून खोल आहे. इंजिन थांबतं तेव्हा पिस्टन कुठं थांबेल आणि कोणता व्हॉल्व्ह उघडा राहील, हे आपल्या हाती नसतं. एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला, की सायलेन्सरच्या किंवा कार्बोरेटरच्या वाटेनं दमट हवा थेट सिलिंडरमध्ये शिरते. कोकणातले चार महिने पावसाळ्याचे, त्यात किनारा जवळ असेल तर हवेत मीठ. पिस्टनच्या रिंगा जिथं टेकलेल्या असतात तिथं बॅरलच्या भिंतीवर गंजाचं कडं तयार होतं. इंजिन पुढे सुरू झालं तरी त्या कड्यावर रिंगा घासत राहतात, तेल जळू लागतं आणि थोड्याच दिवसांत इंजिन उघडून बॅरल बोअर करायची वेळ येते.

तिसरी गोष्ट बुलेटची खास आणि अनेकांना ठाऊक नसलेली. या इंजिनात तेलाची वेगळी टाकी बाहेर कुठं दिसत नाही; ती क्रँककेसच्याच आत, क्रँकच्या मागच्या कप्प्यात आहे. तिथून पंप तेल उचलून क्रँककडे पाठवतो आणि दुसरा पंप ते परत आणतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, की तेल पंपातून हळूहळू झिरपून क्रँकच्या कप्प्यात उतरतं. घेणारा डिपस्टिक बाहेर काढतो, तेल कमी दिसतं, आणि तो वरून आणखी लिटरभर ओततो. मग किक मारली, की क्रँक त्या जादा तेलात बुडून फिरतो, सायलेन्सरमधून पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट येतात आणि ब्रीदरच्या नळीतून तेल बाहेर वाहतं. बघणारे म्हणतात इंजिन गेलं. खरं तर खालचे नट काढून दोन्ही कप्प्यांतलं जुनं तेल आधी पूर्ण काढायला हवं होतं.

याच्या उलट धोका कोरड्या सुरुवातीचा. जुन्या बुलेटमध्ये कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला तरंगता बुश असतो आणि तो तेलाच्या थरावरच जगतो. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत तेलाच्या वाटा कोरड्या पडलेल्या किंवा गाळानं बुजलेल्या असतात. अशा गाडीला धक्का मारून सुरू करायची आणि सुरू होताच मूठ पिळायची, हा उत्साह त्या बुशला महागात पडतो. मिस्त्री मंडळी इंजिन सुरू झाल्यावर लगेच हेडकडे तेल नेणाऱ्या पाइपचा बोल्ट किंचित सैल करून पाहतात. तिथं तेल पाझरलं तर पंप काम करतोय. नाही पाझरलं तर इंजिन तत्काळ बंद.

बाकीची यादी डोळ्यांना दिसणारी आहे, पण तिचा खर्च बेरजेत मोठा होतो. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. ब्रेक शूचं लायनिंग पत्र्यापासून सुटतं. हे फार गंभीर, कारण जागेवर ढकलताना ब्रेक लागतो आणि उतारावर दगा देतो. वायरिंगवर उंदरांचे दात उमटतात, एअर फिल्टरच्या डब्यात त्यांचं घरटं सापडतं. फोर्कच्या नळ्यांवर गंजाचे डाग पडले, की नवी सीलंही टिकत नाहीत. टायरला भरपूर नक्षी असते, पण त्याचं वय बाजूच्या चार आकडी शिक्क्यात लिहिलेलं असतं: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. संगमेश्वरच्या गाडीच्या मागच्या टायरवर 3203 होतं, म्हणजे 2003 सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी जवळपास नवी, रबर मात्र बोटानं दाबल्यावर लाकडासारखं.

गाडी कुठं उभी होती, याला म्हणूनच फार महत्त्व आहे. सोलापूर, अहिल्यानगर, बीडकडच्या कोरड्या हवेत लोखंड टिकतं, पण उन्हानं रबर आणि वायरींचं आवरण तडकतं. कोकणात याच्या उलट. आणि पश्चिम महाराष्ट्र व कोकणात तिसरा एक प्रश्न विचारावाच लागतो, तो पुराचा. 2019च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि 2021च्या जुलैत चिपळूण, महाड, कोल्हापूर-सांगलीकडे पाण्याखाली गेलेल्या गाड्यांची गणती नाही. त्यांतल्या कित्येक धुऊन-पुसून पुन्हा झाकून ठेवल्या गेल्या. हेडलाइटच्या आतल्या कडेला, टूलबॉक्सच्या तळाशी, सीटखालच्या फोममध्ये बारीक गाळ सापडला, तर विकणाऱ्याला स्पष्ट विचारावं. पुराचं पाणी इंजिनात आणि बेअरिंगांत गेलेलं असेल, तर ती गाडी सुट्या भागांच्या भावातच घ्यावी.

टुरिंगसाठी लोक शोधतात अशा दुसऱ्या जुन्या गाड्यांनाही हे सारं लागू आहे. मैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला, तरी येझदी रोडकिंगला आजही मागणी आहे. एस्कॉर्ट्सनं 1983 मध्ये आणलेल्या राजदूत 350चे चाहते तर वेगळेच. या टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये क्रँकची सीलं कडक होतात. त्यांतून हवा ओढली गेली, की मिश्रण पातळ होतं आणि इंजिन भर रस्त्यात पिस्टन धरतं. उभ्या टू-स्ट्रोकची क्रँक सीलं न बदलता तिला हायवेवर नेऊ नये, एवढं त्यांच्यापुरतं पुरे.

गाडी कशी पाहावी?

पहिला नियम: गाडी थंड असली पाहिजे. आपण पोहोचण्याआधी कुणी ती सुरू करून ठेवली असेल, तर पुन्हा कधीतरी यावं. दुसरा नियम: बंद गाडीला लगेच किक मारायची नाही, विकणाऱ्यालाही मारू द्यायची नाही.

मिस्त्रींनी काय केलं ते सांगतो, कारण ते कुणालाही करता येण्यासारखं आहे. त्यांनी आधी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन तिच्याभोवती टॉर्च फिरवला. चॅसीच्या जोडांवर नवं वेल्डिंग आहे का, समोरचं चाक आणि मागचं चाक एका रेषेत आहेत का, हँडल दोन्ही बाजूंना सारखं वळतं का. मग टाकीचं झाकण काढून आत टॉर्च. तळाशी तांबूस गाळ होता, पण पत्रा बोटानं ठोकल्यावर भरीव वाजला. भोक पडलेली टाकी नव्हती, साफ करण्यासारखी होती.

मग त्यांनी प्लग काढला. प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल एकत्र करून सिरिंजनं आत सोडलं आणि म्हणाले, ‘आता हिला रातभर ऱ्हाऊ दे.’ भाच्याला त्याच दिवशी निकाल हवा होता. पण जाम इंजिनावर जोर लावला, तर रिंगा तुटतात आणि मग जे काम रिबोअरमध्ये भागलं असतं ते पिस्टन, रॉडपर्यंत जातं. आम्ही देवरुखला मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं अगदी हळू फिरवलं. सुरुवातीला अडलं, मग सुटलं, आणि पिस्टन वर-खाली होऊ लागला. वरच्या टोकाजवळ एका जागी मात्र हाताला खरखर लागत होती. तेच ते गंजाचं कडं. मिस्त्रींनी चाक तिथल्या तिथं पुढे-मागे हलवून रॉडला खटखट येते का पाहिलं. आली नाही. टॅपेटचं झाकण काढलं. पुशरॉड बोटांनी फिरत होते, वाकलेले नव्हते. खालचे नट काढून जुनं तेल एका पांढऱ्या भांड्यात घेतलं आणि त्यात लोहचुंबक फिरवला. पितळी किंवा लोखंडी कीस निघाला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. निघालं ते काळं आणि घट्ट तेल, पण कीस नव्हता.

मग नवं तेल, तात्पुरत्या बाटलीतून पेट्रोल, दुसरी बॅटरी, घासून साफ केलेले पॉइंट. अँपिअर मीटरचा काटा मधे येईपर्यंत किक हलकेच दाबायची, डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन टोकाच्या जरा पुढे न्यायचा, आणि मग एकच पूर्ण किक. बुलेट सुरू करण्याची ही रीत ज्याला येत नाही त्याच्या पोटरीला ती गाडी चांगलाच धडा देते. काही किकांनंतर इंजिन सुरू झालं. काकी ओटीवरून अंगणात आल्या. हेडच्या बोल्टपाशी तेल पाझरलं. धूर होता, टॅपेटचा आवाज होता, पण खालून ठोका नव्हता. मिस्त्रींनी मिनिटभर चालवून बंद केलं आणि भाच्याला म्हणाले, ‘इंजिन खोलायला लागणार. पण खोलण्यालायक आहे.’

जुनी बंद गाडी पाहायला जाणाऱ्यानं हेच उत्तर शोधावं. गाडी सुरू होते की नाही, याला फार किंमत नाही. उघडल्यावर तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काय उरलं आहे, ते कळलं पाहिजे.

कागद आधी, इंजिन नंतर

इंजिनाचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यामुंबईच्या लेथवर होऊ शकतं. चुकलेले कागद कुठल्याच लेथवर दुरुस्त होत नाहीत. म्हणून खरं तर ही पायरी सर्वांत आधी यायला हवी.

चॅसीवर कोरलेला नंबर आणि इंजिनावरचा नंबर आरसी बुकाशी एकेक अक्षर जुळवून पाहावा. बुलेटची इंजिनं आपल्याकडे सर्रास बदलली जातात; इंजिन नंबर वेगळा असेल आणि त्याची नोंद आरटीओत नसेल, तर तिथं थांबावं. नंबर कानशीनं घासलेला दिसला, तर गाडी कितीही देखणी असो, परतीचा रस्ता धरावा. गाडीवर जुन्या कर्जाचा बोजा आहे का तेही पाहावं. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बँकेचं पत्र आणि 35 नंबरचा फॉर्म देऊन बोजा उतरवायचा राहून गेलेला असतो, आणि मधल्या काळात ती बँकच दुसरीत विलीन झालेली असते.

मग पासिंग. खासगी मोटारसायकलीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म 25 भरून, आरटीओत गाडी दाखवून, दर खेपेला पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. 1996च्या गाडीचं पासिंग 2011 मध्येच संपलेलं. 1 एप्रिल 2022 पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क 1,000 रुपये झालं आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याला 300 रुपयांचा आकार आला. पुढे 20 वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क आणखी वाढलं. त्यात पर्यावरण कर, विमा, पीयूसी, आणि 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना लागणारी उच्च सुरक्षा नंबरप्लेट धरा. थकलेल्या या सगळ्या महिन्यांची बेरीज व्यवहार ठरण्याआधी आरटीओच्या खिडकीवर काढून घ्यावी आणि ती कुणी भरायची, हे कागदावर लिहून घ्यावं. पुष्कळ जुन्या आरसी बुकांची नोंद संगणकावर चढलेली नसते. ती चढवण्यासाठी मूळ आरटीओतच खेटे घालावे लागतात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर तिथली एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

संगमेश्वरात आणखी एक गाठ होती. आरसी गुरुजींच्या नावावर आणि गुरुजी हयात नाहीत. अशा वेळी टीटी फॉर्मवर, म्हणजे 29 आणि 30 वर, कुणीतरी सही करून देतो म्हणतं. ते घेऊ नये. आधी फॉर्म 31 भरून, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती जोडून, गाडी एका वारसाच्या नावावर व्हायला हवी. मगच ती विकता येते. काकींचा मुलगा मुंबईला, मुलगी नाशिकला. दोघांनाही फोन लावले. मुलीनं एकच विचारलं, ‘गाडी चालवणार आहात ना, की शोपीस करून ठेवणार?’ भाच्यानं शब्द दिला.

काही जण अशी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवू असा विचार करतात. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार त्यासाठी गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी लागते, आणि तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रवासाला निघणाऱ्याच्या ती कामाची नाही. लेहला जाणाऱ्यानं दिल्ली परिसराचाही विचार करावा. तिथं 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आले, मग त्यांच्या अंमलबजावणीत बदल होत राहिले. निघण्याच्या आठवड्यातली स्थिती तपासावी, किंवा वाट दिल्ली टाळून आखावी.

किंमत कशी धरावी?

‘बुलेटला मरण नाही’ या समजुतीवर जुन्या गाड्यांचे भाव चढे राहिले आहेत. चालू, पासिंग असलेल्या गाडीचा जो भाव असेल तोच भाव पडवीतल्या गाडीला सांगितला जातो. विकणारा फसवत असतो असं नाही. शेजारच्या गावात कुणाची तरी गाडी तेवढ्याला गेलेली त्यानं ऐकलेली असते.

घेणाऱ्यानं हिशेब उलटा मांडावा. त्याच सालची, त्याच मॉडेलची, कागद पक्के असलेली चालती गाडी आज केवढ्याला मिळते, हे आधी शोधावं. त्यातून इंजिन पूर्ण उघडण्याचा खर्च वजा करावा, मग ते उघडावं लागो वा न लागो. दोन्ही टायर-ट्यूब, ब्रेक शू, क्लच प्लेटा, चेन-स्प्रॉकेट, बॅटरी, पूर्ण वायरिंग, सगळं रबर वजा करावं. आरटीओची बेरीज वजा करावी. उरेल ती जास्तीत जास्त किंमत. उणे येत असेल, तर ती गाडी फुकट मिळाली तरी महागच.

सुट्या भागांची चिंता बुलेटच्या बाबतीत कमी आहे. पुण्याच्या नाना पेठेत, दिल्लीच्या करोलबागेत कास्ट आयर्न इंजिनाचे भाग अजून मिळतात. पण सगळा माल सारखा नसतो. टॅपेट, कॅम, रॉकर बुश हलके बसवले, तर इंजिन उघडायचा खर्च दुसऱ्यांदा येतो. भाग कोणत्या बनावटीचे बसवणार, हे मिस्त्रींशी आधी बोलून घ्यावं आणि जुने भाग परत मागून घ्यावेत.

आणि लेह?

दुरुस्त केलेली जुनी बुलेट पहिल्याच प्रवासात लेहला न्यायची हा विचार मी तरी कुणालाही सोडून द्यायला सांगेन. बोअर केलेलं इंजिन पहिले पाचशे किलोमीटर जपून चालवायचं असतं. त्यानंतर तेल बदलायचं, हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा पाहायचे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. आजच्या गाड्यांवर शिकलेल्या माणसाचा पाय संकटात चुकीच्या बाजूला जातो. ही सवय पुण्याच्या सिग्नलवर नव्हे, मोकळ्या रस्त्यावर महिनोन्‌महिने घालावी लागते. ड्रम ब्रेकवर भरलेली गाडी उतारावर किती आधी आवरायची, तेही अंगात मुरावं लागतं. आंबोली, वरंध, ताम्हिणी, मग गोवा, मग हंपी, अशी वाट वाढवत न्यावी.

मनालीहून लेहच्या वाटेवरचा तांगलांग ला पाच हजार मीटरच्या वर आहे. तिथं हवा विरळ होते, कार्बोरेटरला मिश्रण जाड पडतं, प्लग काळा होतो, गाडी धापा टाकते. जेट बदलायला, पॉइंटची फट ठेवायला, केबल घालायला स्वतःला आलं पाहिजे. ज्याला ही कामं शिकायची नाहीत त्यानं नवी गाडी घ्यावी. त्यात कमीपणा नाही. लेह तितकंच सुंदर दिसतं.

मग घ्यावी का?

संगमेश्वरची बुलेट भाच्यानं घेतली. सांगितलेल्या किमतीला नव्हे. वर मांडलेल्या हिशेबानं जी निघाली त्या किमतीला, आणि फॉर्म 31चं काम पूर्ण होऊन गाडी काकींच्या नावावर आल्यानंतर. तोवर थोडा इसार आणि लेखी करार. इंजिन उद्यमनगरात उघडलं गेलं, बॅरल बोअर झालं, रॉड मिस्त्रींच्या अंदाजाप्रमाणे चांगला निघाला.

माझं मत स्पष्ट आहे. नंबर जुळत असतील, वारसांची संमती असेल, इंजिन हातानं फिरत असेल, चॅसी सरळ असेल आणि पूर्ण दुरुस्ती धरूनही किंमत बसत असेल, तर उभी राहिलेली जुनी टुरिंग गाडी जरूर घ्यावी. यांतली एक अट जरी मोडत असेल, तर कितीही मन गुंतलेलं असलं तरी घेऊ नये. आणि चालवायची नसेल, तर सगळ्या अटी पुऱ्या होऊनही घेऊ नये. तुमच्या पडवीतही ती नुसती उभीच राहणार असेल, तर ती जिथं आहे तिथंच बरी.

शेवटी एक विनंती, ज्यांच्या घरी अशी गाडी ताडपत्रीखाली आहे त्यांना. वडिलांची, काकांची, भावाची गाडी विकणं जिवावर येतं, हे मी जाणतो. पण आरसी वेळेत वारसाच्या नावावर करा, पासिंग संपू देऊ नका, टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा, महिन्यातून एकदा प्लग काढून चार थेंब तेल सोडा आणि इंजिन हातानं फिरवा. आणि घरात कुणीच चालवणार नसेल, तर ती चालवणाऱ्याला देऊन टाका. मोटारसायकल जपायचा तोच खरा मार्ग आहे.